लाय, ले, लेड

बुधवारी तीन ते चार, ड्यूटी बदलायच्या आधी,
लिनन रूमशेजारी आमचा इंग्रजीचा वर्ग.
ब्रगांझा मिस कॅम्पातून रिक्षाने येतात,
जिना चढून दमतात, आधी पाणी मागतात.
आम्ही सातजण. चार मावश्या, तीन मामा.
मी मामा. भिकाजी ओव्हाळ हे फक्त पगारपत्रकावर.

शेवंता मावशी म्हणाली, "आय लर्न हिम वॉकिंग."
मिस म्हणाल्या, शिकणं वेगळं, शिकवणं वेगळं.
"बाई, प्लॅस्टरवाल्या पोराला चालवताना
कोण कुणाला शिकवतं, वॉर्डात येऊन बघा."

उसन्याचेही दोन: बॉरो आणि लेंड.
तिथं मी चुकत नाही.
रास्ता पेठेत अकरा वर्षं भिशी भरलेल्याला
हात कधी पालथा, कधी उताणा, पाठ असतं.

मग फळ्यावर आलं लाय.
लाय म्हणजे पडून राहणं. लाय म्हणजे खोटं बोलणं.
आज दोघे जुळे. काल झाला की ओळखू येतात:
खोट्याचं लाइड, पडल्याचं ले.
आणि हेच ले आज म्हटलं
तर दुसऱ्याला नीट निजवणं. त्याचं काल, लेड.
मिसचा खडू मोडला. आम्ही माना हलवल्या.

चौदा नंबरला धायरीचे पोकळे अण्णा.
रात्री नऊला मुलाचा फोन.
"मस्त आहे रे. जेवलो. आमटी बरी होती."
ताट मीच परत नेलेलं, झाकणसुद्धा न उघडलेलं.
राऊंडला नव्या डॉक्टरीणबाई, चेन्नईच्या.
"फोर्टीन?"
"ही इज लाइंग," मी म्हणालो.
पडून आहेत, एवढंच त्यांनी टिपून घेतलं.
मी दोन्ही सांगितलं होतं.

शुक्रवारी पहाटे, खाली चहावाल्याचा स्टोव्ह पेटताना,
शेवंता पायाशी, मी डोक्याशी.
हनुवटीला पट्टी. हात सरळ.
घड्याळ काढून पाकिटात, पाकिटावर नंबर.
ते अजून चालू होतं.

पुढच्या बुधवारी मिस म्हणाल्या, वाक्यं करा, कालची.
मी लिहिलं, वुई लेड हिम.
मिस वाकून म्हणाल्या, बरोबर आहे, पण अर्धं वाटतं.
कुठे, ते लिहा.

वही उघडी. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेतंय,
त्याचं एक चाक कुरकुरतं, तेल घालायचं राहिलंय.
हातातलं पेन शेवंताचं.
बॉरो.