स्वखुशीने

दगडवाला अक्षरामागे अकरा रुपये घेतो.
काना, मात्रा, वेलांटीचे पैसे नाहीत,
जोडाक्षर एकच धरतो. भला माणूस.
पंचायतीसमोरच्या फलकावर
लढाईवर गेलेल्या सात गड्यांची नावं कोरून झाली,
खाली हातभर दगड कोरा राहिला.
मी म्हटलं, तिघी राहिल्या.

ग्रामसेवक म्हणाले, सिस्टर, त्या फौजेत नव्हत्या.
खरं आहे. नव्हत्या.
होतं ते एवढंच :
उपकेंद्राच्या कपाटात, लोहाच्या गोळ्यांच्या खोक्यामागे,
वाळवीनं कडा खाल्लेलं
जुन्या मिशन दवाखान्याचं हजेरीबुक.
सन बेचाळीस, नोव्हेंबर.
तीन नावांपुढे रोजची सही थांबते
आणि कुणीतरी बारीक अक्षरात लिहितं :
समुद्रापार, बसरा, लढाईच्या दवाखान्यात. स्वखुशीने.

एकोणीस वर्षं झाली माझ्या नोकरीला.
ड्यूट्या लागल्या, बदल्या झाल्या,
पोलिओला पाठवलं, निवडणुकीला बसवलं,
त्याआधी लग्नही लावून दिलं.
हा शब्द माझ्या नावापुढे कुणी लिहिलेला नाही.

त्यांच्याही नावापुढे आधी नसणार.
कोणत्या विहिरीवर जायचं, कोणत्या नाही,
तेही जन्मायच्या आत ठरलेलं.
मग एक छापील कागद येतो नि विचारतो,
तुमची तयारी आहे का?
राजासाठी गेल्या असं मला वाटत नाही.
पगारासाठी गेल्या असतील, तरी चालेल.
पण त्या प्रश्नचिन्हाकडे
कंदील विझेस्तोवर पाहत बसल्या असतील.

दारव्ह्याहून छोटी गाडी.
दोन्ही अंगांनी फुटलेली पऱ्हाटी, पांढरीफेक.
एवढं पांढरं त्यांनी पुन्हा पाहिलं
ते बँडेजच्या गठ्ठ्यांत, आणि ते पांढरं राहिलं नाही.

मार्थाचं एक पत्र आलं होतं.
गावाचं नाव कात्रीनं कापलेलं, नदीचं कापलेलं,
तारीख कापलेली. उरलं ते कवडूबुवाला पाठ आहे :
"अठी आंबाडी भेटत नाही.
एका पोराचे दोन्ही पाय गेले, मले माय म्हणते.
थो कोन्या मुलखाचा हाय, त"
आणि पुढे भोक.
तिची आई म्हणे ते पत्र डोळ्याशी धरायची
आणि भोकातून अंगण पाहायची.
मार्था तिकडेच गेली, तापानं.
कबर कुठं, तेही भोकातच.

लीलावतीचं काही कळत नाही.

द्वारका आली. शेचाळीसचा उन्हाळा,
एकटी उतरली, डोक्यावर पत्र्याची पेटी.
लढाईबद्दल कुणाशी बोलली नाही.
तीस वर्षं या शिवारातली बाळंतपणं केली.
दारात गर्दी करणाऱ्या बाप्यांवर ओरडायची, यल्ला!
आणि बापे मागं सरायचे.
गावाला वाटे, गोंडी बोलते.
गोंडांना वाटे, इंग्रजी.
"मी तिच्या हातावर आलो ना बाप्पा,"
कवडूबुवा सांगतो, "जगात आल्यावर
पयला शब्द थोच आयकला असन."

मार्था पाखरे, पाच अक्षरं.
द्वारका उईके, सहा.
लीलावती देवतळे, आठ.
दोनशे नऊ रुपये.
दगडवाल्यानं छिन्नी पुसत विचारलं,
पुढं काय टाकू? शहीद? वीरांगना?
दोन्ही शब्द त्याला सरावाचे,
वळणदार काढून देईन म्हणाला.

मी म्हटलं, चार अक्षरं टाक,
चव्वेचाळीसचे वेगळे देते.
त्यानं कागदावर लिहून घेतलं,
खु ऱ्हस्व का दीर्घ, ते दोनदा विचारलं,
आणि उन्हं कलायच्या आत कामाला लागला.

दगडाची भुकटी चाटायला
कवडूबुवाची शेळी आली.
यल्ला, तो म्हणाला.
शेळी हलली नाही.