वाहक

रात्री साडेदहा. स्टीव्हनेजचे सात राउंडअबाउट
ओलांडून मी पाळीवर येते.
दोन जोड हातमोजे, बूटकव्हर, टोपी, चष्मा.
आरशातली बाई कुणाचीच कुणी नाही.

पिशवीत पेशी डुलत असतात,
त्यांना दिलीत डीएनएची तीन वर्तुळं:
कवच कसं बांधायचं, मदतीला कोण येणार,
आणि तिसऱ्यात तो एकच निरोप.
पेशी मुकाट विषाणू विणतात,
आजार काढून घेतलेला, दात नसलेला,
पिल्लं न होणारा विषाणू.
कुठल्या दारावर टकटक करायची
एवढंच त्याला ठाऊक.

मराठी पुस्तकात त्याला वाहक म्हणतात.
बाबांच्या खाकी शर्टावर, पितळी बिल्ल्यावर
हेच कोरलेलं. पाटण डेपो.
चालक वेगळा. वाहक म्हणजे चिमटा, सुटे पैसे, घंटीची दोरी.
"गाडी आपली नसते," म्हणायचे,
"माणसं आपल्या थांब्यावर उतरली की झालं."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तोच शब्द आईला दिला.
ती आधी हसली. "वाहक हे. मी तर घरीच असते."
मग कागदावर काढून दाखवलेलं बघत राहिली,
आणि त्या रात्रीपासून
मुकुंदाच्या सुजल्या गुडघ्यावरचा बर्फ
दर तासाला तीच बदलू लागली.
बाबांना हात लावू देईना.

पहाटे तीनला सेंट्रिफ्यूज
भरलेली कवचं रिकाम्यांपासून वेगळी करतं.
रिकामीच जास्त निघतात.
"कचरा," डेन्झिल म्हणतो, आणि सँडविच सोडतो.
मला कोयनेकडची शेवटची फेरी आठवते:
सगळी बाकं मोकळी, आणि बाबा उभे.

हे एकदाच देता येतं.
दुसऱ्या वेळी रक्त ओळखतं, दारातच अडवतं.
म्हणून मोजा. पुन्हा मोजा.
माझी सही, त्याखाली डेन्झिलची.

कुप्या उणे ऐंशीत ठेवते.
फ्रीजर दोनदा वाजतो.
एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे
हात वर जातो. वर दोरी नसते.

लीड्सला जातील, नाहीतर कार्डिफला.
तिथे कुणी एक मुलगा घाईत दाढी करताना
हनुवटी कापून घेईल,
टॉवेल दाबेल, बस चुकेल म्हणून धावत सुटेल,
आणि रक्त कधी थांबलं
हे त्याच्या लक्षातही येणार नाही.