आता काढायला हरकत नाही

ऑफिसच्या कॉम्प्युटरची आतली डिस्क गेली, तेव्हापासून
संस्थेच्या बायका माझ्या पर्समध्ये राहतात.
चार हजार तीनशे बारा.
पासबुकाएवढ्या काळ्या डबीत, रुमालात गुंडाळून,
जेवणाच्या डब्यावर, छत्रीच्या खाली.

अध्यक्ष म्हणाले होते, तात्पुरतं चालव ह्याच्यावरच.
ते तात्पुरतं आता तिसऱ्या वर्षात आहे.
इराण्णा दुरुस्तीला आला की डोकं धरतो,
"डेटाबेस कुणी असा लोंबत्या वायरीवर चालवतंय काय ओ म्याडम?
मोटारसायकलवर घर बांधल्यागत झालं की हे."
बरोबर आहे त्याचं.
पण त्याचं बिलही अजून तात्पुरतंच आहे.

सकाळी निपाणीत वायर जोडते.
पिन सैल, म्हणून बीडीच्याच दोऱ्यानं
टेबलाच्या पायाला दोन वेढे.
दिवा लुकलुकतो. आत काहीतरी फिरायला लागतं,
कान लावला तर सुपात तंबाखू पाखडल्यासारखं.
मग एकेक उठतात.
कल्लव्वा मारुती नाईक, बीडी नऊशे, छाट चाळीस.
हसीना बापूलाल मुल्ला, फंडाचा नंबर नाही.
शेवंता. शेवन्ता. कन्नड यादीतून आलेली शेवंती.
तिन्ही एकच,
तिघींचा हप्ता मात्र वेगवेगळा कापला जातोय.

कधी मशीन रुसतं.
काल जिला ई म्हणालं, तिला आज एफ म्हणतं,
आणि डेटाबेस ई च्या दारात उभा राहून सांगतो,
इथं असं कुणी राहत नाही.
अरे, डबी तीच, बायका त्याच,
पाटीवरचं अक्षर तेवढं बदललंय.
हे मी मशीनला समजावत असते तेव्हा
मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतात.
कशाचं हसू येतं, ते मी विचारत नाही.

संध्याकाळी कागलची गाडी.
कोगनोळी नाक्यावर, त्या तपासणीच्या दिवसांत,
एका कोवळ्या पोलिसानं पर्स उघडायला लावली.
"इदेनु?"
"बायका," मी म्हणाले. "बीडीच्या."
त्यानं डबी कानाशी नेऊन हलवली.
"हलवू नका! झोपल्यात!"
तो दचकला. दोन्ही हातांनी परत दिली,
देवळातून प्रसाद द्यावा तशी.
दूधगंगेचा पूल ओलांडल्यावर
मला उशिरानं घाम फुटला.

आणि ह्या मंगळवारी महादेवीनं झाडता झाडता
मोबाईल चार्जिंगला लावायला वायर उपटली.
शेवंता समोर बसलेली,
तिचा पेन्शनचा अर्ज अर्धा भरून झालेला.
दिवा गेला.
सुपाचा आवाज मध्येच थांबला.

"हात लावू नका कशाला," इराण्णा फोनवर म्हणाला,
"ते आपलं आपण जुळवतंय."
जुळवलं त्यानं, पाऊण तास घेऊन.
पुरं झालं होतं ते परत मांडलं.
अर्धं राहिलं होतं ते असं पुसलं,
जणू सुरूच झालं नव्हतं.
त्याच्या लेखी शेवंता अजून आलेलीच नाही.

ती तिथंच होती, पिशवी मांडीवर.
"नाव?"
"मगाशी सांगितलं की बाई."
"परत सांगा."
तिनं सांगितलं. ह्या वेळी माहेरचं.
मी मान वर करून बघितलं,
ती खिडकीबाहेर बघत होती.
तेच घातलं मग.
अंगठा ठेवला तिनं काचेवर,
पानं कापून कापून कोरा झालेला.
मशीन म्हणालं, पुन्हा.
पुन्हा.

साडेपाचला सगळं बंद करते.
पडद्यावर रोजची ओळ येते,
आता काढायला हरकत नाही.
मी लगेच काढत नाही.
तळहात ठेवून बसते तिच्यावर थोडा वेळ,
अंगात कणकण असल्यासारखी गरम असते ती.
तशीही साडेपाचची गाडी
पावणेसहाच्या आत कधी आलीय?