हवापालट

डबी एवढीशी, बूटपॉलिशची असावी तशी,
आत फिल्मचा तुकडा, झाकणावर नंबर.
वर्षभर हलवायची नाही, मी बजावते,
तिच्यावर विणकाम ठेवायचं नाही.

बोहेमियाच्या डोंगरातल्या या खाणगावात
एकच दार मी वाजवायच्या आत उघडतं.
द्राहोमीरा म्हणते, ये, पण बूट काढ.
आणि खिडक्या उघडायचं सांगू नकोस,
बाहेर उणे अकरा आहे.

एक डबी तिच्या उशाशी, एक स्वयंपाकघरात,
एक तळघरात,
जिथे ओल्ड्रिखचं बाक अजून तसंच:
पटाशा, सरसाचं भांडं,
तीन पायांवर थांबलेला लाकडी घोडा.

न विचारता ती सांगते.
ब्लांका तान्ही होती, खोकायची.
मीच म्हटलं ह्याला, तुझा भुसा, तुझा सरस, तुझं वॉर्निश
उचल आणि खाली जा.
गेला. भांडायचाच नाही कधी.
एकोणतीस वर्षं, जेवण झालं की खाली.
मी टाच आपटायची दोनदा, म्हणजे कॉफी.
तो खालून छताला ठोकायचा एकदा, म्हणजे आलोच.
सिगरेटी मी ओढायचे. ओढतेच.
तो नाकाला रुमाल लावायचा.

फुप्फुसं त्याची गेली.

डॉक्टर म्हणाले होते, हवापालट करा.
झऱ्यांच्या गावी तीन आठवडे राहिला,
गालांवर रंग घेऊन परतला,
आणि त्याच संध्याकाळी खाली.
नातवाचा घोडा पुरा करायचा होता.

धुराला निदान लाज असते, डोळ्यांत पाणी आणतो.
सरसाला वास, ओलीला डाग.
ह्याला काहीच नाही.
खडकातून निघतो, फरशीच्या भेगेतून, नळाच्या कडेने,
बंद घरात चढत जातो
आणि पानं मांडताना कोणी त्याला मोजत नाही.
पुस्तकात त्याचं नाव रेडॉन.
गावात म्हणतात "ती हवा", आणि विषय बदलतात;
घरं विकायची असतात.

वर्षाने मी कागद घेऊन गेले.
उशाशी दोनशे दहा.
स्वयंपाकघरात तीनशे सत्तर.
तळघराच्या आकड्यावर मी बोट ठेवलं,
खरं तर झाकलाच.
मसूर निवडताना खडा उचलावा
तसं तिने माझं बोट बाजूला केलं.
चार हजार एकशे साठ.

जास्त आहे?
जास्त आहे.
माझ्या सिगरेटींपेक्षा?
दोन्ही एकत्र होतं घरात, मी म्हटलं, वेगळं काढता येत नाही.
खाणीत किती वर्षं होते ते?
खाणीत? तो शाळेत भूगोल शिकवायचा.
पोरांकडून खडकांची नावं घोकून घ्यायचा.

खात्रीने काहीच सांगता येत नाही, मी म्हटलं.
हे खरं आहे.
हे मी प्रत्येक घरात म्हणते.

ती बराच वेळ बसून राहिली,
टाच जमिनीला टेकलेली.
आपटली नाही.

आता तिथे पाइप आहे, पंखा आहे,
फरशीखालची हवा ओढून छपरावर सोडतो,
रात्रंदिवस घूं घूं.
आवाजाचा त्रास होतो का, मी विचारलं.
छे, ती म्हणाली,
खाली कोणीतरी कामात आहे असं वाटतं.

नातू मातौश आता तिच्याहून उंच.
घोड्याला चौथा पाय लावू म्हणतो,
ती म्हणते, राहू दे.

काल गेले तर खिडकी सताड उघडी,
उणे चौदा, अंगावर दोन स्वेटर,
धूर बाहेर सोडत उभी.
तुझ्या कागदावर लिही, म्हणाली,
खाली मीच पाठवलं होतं.

माझ्या फॉर्मात तसा रकाना नाही.
शेऱ्यापुढे मी लिहिलं:
पंखा चालू.