नवकंकरी, देवडी क्रमांक तीन

एप्रिल. सकाळी साडेआठलाच
लोखंडी टेप तापून हातातून सुटते.
सोलापूरच्या भुईकोटात, आतल्या तटाला लागून,
मी देवडी क्रमांक तीनची फरशी उतरवून घेते आहे:
एकास वीस, उत्तरेचा बाण,
दगडागणिक एक आकडा.

कॉलेजात शिकले ते किल्ले इंग्लंडचे.
जाड पुस्तक, गुळगुळीत कागद,
हिरवळीवर आडव्या झालेल्या भिंती,
आणि वेलींनी गिळलेली उमरावांची घरं,
ज्यांचे मजले केव्हाच कोसळले
अन् शेकोट्या तेवढ्या भिंतीत अधांतरी,
एकावर एक, विझलेल्या.
तिथल्या खंदकांची खोली मी पेपरात बिनचूक लिहिली.
इथल्या खंदकात उतरले ती नोकरी लागल्यावर.

शब्द मला चौकीदार मौलालीनं दिले.
बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, जंग्या.
तटावरून चालायची वाट, फांजी.
"भायेरची भिंत काय म्हन्ता मॅडम, रेवणी म्हना की."
नव्या सुनेनं डब्यांत काय काय आहे
ते विचारून घ्यावं, तसं मी समासात लिहून घेतलं.

नरसम्मा चिप्पा आधी विड्या वळायची.
बोटं अजून तशीच, थांबणं माहीत नसलेली.
एकोणिसाव्या दगडावरची माती तिनं झाडली
आणि कुंचा थांबला.

एकात एक तीन चौकोन.
बाजूंच्या मधोमध त्यांना जोडणाऱ्या चार रेघा.
सुरीच्या टोकानं कोरलेल्या असाव्यात;
एक कोपरा हात घसरून वाकडा गेलेला.

सरांना फोन लावला.
"ओरखडे, असं लिही. काळ अनिश्चित."

"ओरखडे कुठले ओ," नरसम्मा म्हणाली,
"नवकंकरी की ही."
चिंचेखाली वेचलेले नऊ चिंचोके तिच्या पदराला होतेच.
मौलालीनं विटेचे नऊ तुकडे गोळा केले
(चरातले नव्हेत, मी बघून घेतलं).

तेव्हा आठवलं पुस्तकातलं पान एकशे चौदा:
पावसाळी मुलखातल्या एका गढीची खिडकी,
खिडकीतली दगडी बैठक,
बैठकीवर हेच तीन चौकोन.
खाली बारीक टाइपात, पहारेकऱ्यांचा खेळ असावा.
परीक्षेला नव्हतं. पान उलटलं होतं.

तिथला ओल्या लोकरीत कुडकुडत,
इथला पागोटं सोडून तळ्यावरचा वारा घेत,
कुणाचीच पाळी संपत नाही,
शत्रू येत नाही, पगारही येत नाही,
आणि समोरचा खेळी करायला
फार म्हणजे फार वेळ लावतो आहे.

तीन एका ओळीत आले की दुसऱ्याचा एक उचलायचा.
नरसम्मानं उचलत उचलत
दहा वाजेतो मौलालीकडे दोन ठेवले.
"ऊन लागलं मला," तो म्हणाला
आणि फाटकाकडे निघून गेला.

मी दगड एकोणीस काढायला घेतला.
एकास वीसमध्ये तो सगळा पट
अंगठ्याच्या नखाएवढा.
पेन्सिलीला दोनदा टोक केलं.
वाकडा कोपरा वाकडाच काढला.

एक चिंचोका दगडावर राहून गेला होता.
तो नकाशात आला की नाही
हे सरांनी विचारल्याशिवाय सांगणार नाही.