विचारून

नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं,
पहाटे साडेपाचला,
आणि एकाच नळाच्या दोन बाजूंना आम्ही :
मी मार्था उमाप, मिशन हॉस्पिटल, वॉर्ड तीन, आता निवृत्त;
ती वरच्या मजल्यावरची केतकी,
जिच्या खिडकीत पौर्णिमेला खडे मांडलेले असतात
चांदण्यात शुद्ध व्हायला,
जशा आम्ही सिरिंजा उकळून ओळीनं ठेवायचो.

पहिलं वर्ष आम्ही फक्त बादल्यांबद्दल बोललो.

मग उपवासकाळात एकदा ती म्हणाली,
"काकू, या ना वर. आठ-दहा जणी असतात.
काशाची वाटी वाजते, डोळे मिटायचे, बस्."
नाही येणार, म्हटलं.
"भीती वाटते?"
भीती नाही गं.
लग्न झालेल्या बाईला दुसरा चांगला माणूस
दिसतच नाही असं थोडंच असतं?
शब्द दिलेला असतो.

आणि आजोबांचंही सांगितलं :
दारावरचं लिंबू त्यांनी ज्या दिवशी काढलं
त्याच आठवड्यात गाव सुटलं.
तिकडून महूपर्यंत, एक बैल, तीन पोरं,
बैल वाटेत विकला.
तुझ्यासाठी खडा म्हणजे खडा असेल, केतकी.
माझ्यासाठी ती सगळी वाट उलटी चालणं आहे.

तिची बादली भरून वाहत होती.
नळ बंद न करताच ती म्हणाली,
"चौथीत सिस्टरनी माझ्या खिशातला दगड
खिडकीबाहेर फेकला होता. सगळ्या वर्गासमोर.
मामाच्या गावच्या ओढ्यातला."
त्या कॅथलिक, आम्ही नव्हे,
हे अगदी जिभेवर आलं होतं.
मी विचारलं, कोणत्या रंगाचा?
"मधाच्या," ती म्हणाली,
आणि मग नळ बंद केला.

त्यानंतर आम्ही भांडलोही, नीट.
"माझ्यासाठी प्रार्थना करता ना? मी बदलावं म्हणून?"
खोटं कसं बोलू? करते, म्हटलं. रोज. तुझ्या नावानिशी.
"मग मीही सांगते. तुमच्या डाव्या गुडघ्याला
रोज रात्री ऊर्जा पाठवते. वरून. फरशीतून."
मला न विचारता?
"तुम्ही विचारलं होतं?"

आमच्याकडे उपासना हिंदीत होते,
राग मात्र मला मराठीतच येतो.
तीन पाण्यांचे दिवस मी बोलले नाही.
चौथ्या दिवशी बादली ठेवत म्हटलं,
यापुढे विचारून.
"दोघींनीही," ती म्हणाली.

भाद्रपदात रात्री पावणेबाराला दार वाजलं.
हातात पिवळा लिफाफा, छातीशी धरलेला.
गाठ आहे. तुकडा काढून तपासायचाय. सोमवारी.
आमच्या वॉर्डात असे लिफाफे मी चाळीस वर्षं उघडले,
हात कधी कापले नव्हते.

"काकू, मी विचारत नाहीये," ती म्हणाली,
"मागतेय. तुमच्या पद्धतीनं करा.
माझ्यासाठी काही गाळू नका."

म्हणून गाळलं नाही.
आकाशातल्या बापाला हाक मारली,
शेवटी येशूचं नाव घेतलं, स्पष्ट, जसं घेते तसंच,
आणि आमेन म्हणून थांबले.
ती आमेन म्हणाली नाही.
फक्त तिचा पंजा माझ्या पंजाखाली उताणा पडून होता,
आत तो खडा नव्हता, मी पाहिलं,
नुसती घामाची रेघ.

त्या रात्री मी तिच्या बदलण्याबद्दल
काही मागायची विसरले.
पाळकांना हे सांगावं की नाही, अजून ठरलेलं नाही.

रिपोर्ट शनिवारी यायचाय.
आज पाण्याची पाळी नाही,
तरी ती खाली आली, नळाच्या ओट्यावर बसली.
"गुडघ्याचं विचारू?"
विचार.
"पाठवू?"
नको, म्हटलं.
ते कपाटातलं तेल आण.
चोळून दे.