सोनेगाव ते लोहगाव

सरळ रेषेत सहाशे पंधरा किलोमीटर.
वेळ, एक तास वीस मिनिटं.
तुझ्या आईनं दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

काचेच्या दारापर्यंतच जाऊ देतात.
तू ट्रॉली ढकलत आत गेलीस
आणि संत्रा बर्फीचा डबा माझ्याच हातात.
ओरडलो. जवान म्हणाला, काका, मागं व्हा.

विमान उडेपर्यंत पार्किंगमध्ये थांबलो,
मग लुना काढली.
छत्रपती चौकात मागचं चाक बसलं.
पंक्चरवाला मुनाफ जेवायला गेलेला.
आला, तेव्हा घमेल्यातल्या पाण्यात
ट्यूब फिरवत बसलो दोघं.
वरून एक विमान गेलं.
तुझं नव्हतं, तुझं तर केव्हाच गेलं होतं,
तरी हात वर झाला. मुनाफही बघायला लागला.

फोन आला, "पोचले बाबा. तुम्ही जेवलात?"
बुडबुडा अजून सापडत नव्हता.
पारडी नऊ-दहा किलोमीटर पुढं.
म्हटलं, हो ना, केव्हाच.

पिशवी आरशाला टांगलेली, उन्हात.
काचेपासून तुझ्यापर्यंत
असतील दोन-अडीच हात.
ते तिकिटावर नव्हते.